चवीपुरता इतिहास

पाककृतीच्या पुस्तकातले सर्वांत भयंकर वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, 'मीठ चवीपुरते.'

मी बँकेत कारकून आहे. उद्या आमच्या काउंटरवर एखाद्याने पैसे काढायच्या स्लिपवर रकमेच्या चौकोनात 'गरजेपुरती' असे लिहिले, तर मी ती स्लिप त्याच्या अंगावर फेकणार नाही, कारण ग्राहक हा देव असतो असे आमच्या भिंतीवर लिहून ठेवलेले आहे. पण पैसेही देणार नाही. मग स्वयंपाकाच्या पुस्तकाने हेच केले तर आपण मुकाट्याने पान का उलटतो? चवीपुरते म्हणजे कोणाच्या चवीपुरते? माझ्या, सौ.च्या, की पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या? आणि पदार्थ तयार झाल्याशिवाय चव कळत नाही, चव कळल्याशिवाय मीठ घालता येत नाही, मीठ घातल्याशिवाय पदार्थ तयार होत नाही. कॉमर्सच्या तीन वर्षांत असा हिशेब मला कोणी शिकवला नव्हता.

हा प्रश्न मला पडला तो गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, माजरी मुक्कामी. माजरी कुठे आहे हे बदलीचा हुकूम हातात पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हते, तेव्हा आपल्याला ठाऊक नसले तर लाजू नका. नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वरोऱ्यानंतर आणि भांदकाच्या अलीकडे हे स्टेशन लागते. इथून वणीकडे फाटा फुटतो, म्हणून गावाच्या नावापुढे 'जंक्शन' हे बिरुद आहे. गावाचा धंदा कोळशाचा. या मुलखात एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत जो लोहमार्ग टाकला, तोही कोळशासाठीच. माणसे मागाहून बसली. आम्हीही असेच मागाहून आलेले. मी मूळचा साताऱ्याकडचा, सौ. वाईची. दोघांनाही भात म्हणजे आमटी-भात आणि वडी म्हणजे कोथिंबीरवडी, एवढेच माहीत.

तर वरोऱ्याला एक पुस्तक-प्रदर्शन लागले होते. तिथे मी इतिहासाची पुस्तके चाळत असताना सौ.ने पाककृतींचे एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचे नवे पुस्तक वीस टक्के सवलतीत खरेदी केले. बँकवाल्याच्या बायकोला सवलत दिसते. ऐंशी टक्के दिसत नाहीत. पुस्तकात प्रांतवार प्रकरणे होती. 'विदर्भाची खासियत' या प्रकरणात पहिलाच पदार्थ होता, पुडाची वडी. फोटो असा की पान चाटावेसे वाटावे.

"अहो, आपण विदर्भात राहतो आणि अजून एकदाही पुडाची वडी केली नाही," सौ. म्हणाली.

खरे म्हणजे आमच्या घरापासून बारा पावलांवर, सामाईक अंगणापलीकडे, ती वडी पन्नास वर्षे करत आलेल्या काकू राहतात. त्यांचे यजमान खाणीत पंप खलाशी. पण शेजारणीला विचारणे आणि पुस्तकात पाहणे यांत फरक आहे. पुस्तक आपल्याला हसत नाही.

रविवारी सकाळी मी यादी वाचायला घेतली. बारीक चिरलेली कोथिंबीर २५० ग्रॅम, बेसन १ वाटी, कणीक अर्धी वाटी, किसलेले सुके खोबरे पाव कप, खसखस २ मोठे चमचे, तीळ १ टेबलस्पून, हिंग चिमूटभर, मीठ चवीपुरते. एका यादीत ग्रॅम, वाटी, कप, चमचा, टेबलस्पून, चिमूट आणि चव अशी सात मापे! एकाच लेजरात रुपये, डॉलर, येन, कवड्या आणि 'देवाची इच्छा' यांच्या नोंदी कराव्यात तसे. हा गोंधळ त्या बाईंचा नव्हे, हे मला पुढे वाचताना कळले. त्या यादीत साऱ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराचा इतिहास थरावर थर साचलेला होता.

सर्वांत खालचा थर चिमटीचा आणि मुठीचा. हे माप माणसाबरोबर जन्माला येते आणि त्याच्याबरोबर जाते. त्यावरचा थर शेराचा. आपल्या आजीच्या काळी चार चिपटी म्हणजे एक शेर, दोन मापटी म्हणजेही एक शेर, आणि चार शेर म्हणजे एक पायली. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, आणि तोळा म्हणजे कलदार रुपयाचे वजन. 'रुपयाभार सुंठ' असे जुन्या बायका म्हणत, तो अलंकार नव्हता. तराजूच्या एका पारड्यात खरोखरच रुपया ठेवीत. तो रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असे. हे वाचून मी बँकवाल्याच्या कुतूहलाने खिशातला रुपया काढून पाहिला. आजचा रुपया चार ग्रॅमही भरत नाही. रुपयाची किंमत घसरली असे आपण नेहमी म्हणतो. त्याचे वजनही घसरले आहे, हे मात्र आम्हाला कोणत्याच परिपत्रकाने कळवले नव्हते. आजीच्या अंदाजाने आज कोणी रुपयाभार सुंठ घातली, तर लाडू नुसते गोड होतील, बाळंतिणीला उपयोग शून्य.

बरे, शेर तरी सगळीकडे एक होता का? छे! एका गावचा शेर दुसऱ्या गावात गेला की जाड किंवा बारीक होई. माहेरचा शेर आणि सासरचा शेर यांत फरक असला, तर नव्या सुनेच्या पहिल्या वरणाचे काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत आणली, १९५७ च्या एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे आले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दुकानातले शेर जाऊन किलो आले. पण कायदा दुकानापर्यंत येतो, स्वयंपाकघरात येत नाही. आजही आम्ही 'पावशेर मिरच्या' म्हणतो आणि दुकानदार २५० ग्रॅम देतो. खरा पावशेर भरतो २३३ ग्रॅम. म्हणजे बोलीतल्या या एका शब्दापायी दुकानदार आपल्याला गेली साठ वर्षे सतरा ग्रॅम जास्त देतो आहे. हे कृपा करून त्याला सांगू नका.

असो. मी पिशवी घेऊन बाजारात निघालो. इथे पहिली गंमत. माजरीच्या बाजारात कोथिंबीर मिळत नाही. मिळतो तो सांबार. इथे नवा असताना "सांबार घ्या, ताजा सांबार!" ही आरोळी ऐकून मी सौ.ला सांगितले होते की या गावी लोक फार पुढारलेले आहेत, रस्त्यावर सकाळी सातला सांबार विकतात, इडली मात्र कुठे दिसली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. भाजीवाल्या मावशींनी माझ्या डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दोन गड्ड्या डब्यात कोंबल्या. तेव्हा कळले की या बाजूला कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. पुस्तकातली 'पुडाची वडी' ती इथली 'सांबारवडी'. टोमॅटोला इथे भेद्रे म्हणतात आणि भुईमुगाच्या शेंगेला फल्ली. छापील पुस्तक एकच असते, पण बाजारात उतरले की त्याला दुभाषा लागतो.

थंडीचे दिवस, त्यामुळे सांबार स्वस्त आणि कोवळा. चांगला घसघशीत आणला. सौ.ने तो धुतला. पुस्तकात पुढे लिहिले होते, 'कोथिंबीर स्वच्छ कपड्यावर पसरून हवेशीर जागी वाळवावी.' हे वाक्य लिहिणाऱ्या बाई नक्कीच झाडांच्या सावलीत राहत असणार. आमच्याकडे हवेशीर जागा म्हणजे गच्ची. आणि गच्चीवरच्या हवेत थोडी हवा असते नि बाकी कोळसा. कोळशाच्या गावी असे व्हायचेच, त्याबद्दल कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. हलवायाच्या घरी मुंग्या असायच्याच. पांढऱ्या धोतराचा तुकडा अर्ध्या तासात करडा झाला. सांबार पुन्हा धुतला. मग तो आमच्या सहा बाय आठच्या स्वयंपाकघरात, पंख्याखाली पसरायचे ठरले. पण स्वयंपाकघरात पंखा नाही. तो बाहेरच्या खोलीत आहे. शेवटी माझ्या पलंगावर सांबार आणि स्टुलावर मी, अशी मांडणी झाली.

आता दोन तास काहीच करायचे नव्हते, तेव्हा मी पुस्तकांचाच विचार करत बसलो. स्वयंपाक ही जगातली इतकी जुनी विद्या, तर ती पुस्तकात लिहायची वेळ कोणावर आणि का आली?

आपल्या बाजूला फार मागे गेले तर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा भेटतो. त्याने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राज्यकारभार, हत्ती, घोडे यांच्याबरोबर अन्नभोगाचेही प्रकरण लिहिले. मांडे आणि वडे त्यात आहेत. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी 'भोजनकुतूहल' लिहिले. पण हे सगळे खाणाऱ्यांचे ग्रंथ. राजाने मांडे खाल्ले आणि पंडिताने त्याचे गुण सांगितले. मांडे करताना हात कोणाचे भाजले, त्याची नोंद नाही.

मराठीत छापील पाकशास्त्र आले ते १८७५ साली. पुस्तकाचे नाव 'सूपशास्त्र', लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. म्हणजे बायकांना स्वयंपाक शिकवणारे पहिले मराठी छापील पुस्तक पुरुषाने लिहिले! हे मी सौ.ला मोठ्या अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "मग उठा आणि मिरच्या चिरा." इतिहासाचे दाखले घरात जपून द्यावेत.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. हजार! एका बाईने हजार पदार्थ ओळीने लिहून काढायचे म्हणजे रोज एक केला तरी पावणेतीन वर्षे गेली. आणि १९७० साली आले कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. माझ्या आईच्या पिढीत लग्नात मुलीला कुकर, मिक्सर आणि 'रुचिरा' यांतले किमान एक तरी मिळेच. कमलाबाईंना लोक लाख सुनांची सासू म्हणत. एवढ्या सुना आणि भांडण एकही नाही.

कमलाबाईंची करामत कशात होती, तर वाटीत. तोळे नको, ग्रॅम नको. घरात असेल ती वाटी आणि चमचा घ्यायचा. मला हे आधी फारसे पटले नव्हते. आमच्या घरात सात वाट्या आहेत आणि त्यांतल्या दोन एकसारख्या नाहीत. एक सौ.च्या माहेरची, एक माझ्या मुंजीतली, एक कोणाच्या तरी बारशाहून आलेली, एक तर कोणाची आहे हेच माहीत नाही. डब्यातून आली आणि राहिली. पण स्टुलावर बसून सांबाराची राखण करताना माझ्या कॉमर्सच्या डोक्यात प्रकाश पडला. वाटी लहान की मोठी याला महत्त्वच नाही. सगळा पदार्थ एकाच वाटीने मोजला की झाले. दोनाला एक हे प्रमाण, मग ती वाटी बाहुलीची असो की पंगतीची. दुकानातल्या तराजूशी, सरकारी कायद्याशी काही संबंध नाही. ज्या घरात ना तराजू ना वजने, त्या घरातल्या बाईला यापेक्षा शहाणा हिशेब कोण देणार? अमेरिकेत बोस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली पुस्तक काढले आणि कप-चमचा सपाट भरून, वरून सुरीने निरपून मोजायचा असा दंडक घातला. त्यांनी साऱ्या देशाचा कप एक करायला घेतला. आपल्याकडे ज्याची त्याची वाटी निराळीच राहू दिली आणि तरीही वडी जमली.

पण हे सगळे लिहावे का लागले? मला वाटते, उत्तर सोपे आहे. आई चार हातांवर असती, सासू ओट्याशी उभी असती, तर पुस्तक कोणी विकत घेतले असते? नोकरीपायी माणसे मुंबईला गेली, मुंबईहून आणखी कुठे गेली; लग्न होऊन मुलगी एका खोलीच्या बिऱ्हाडात आली आणि शेजघरात हाक मारायला कोणी उरले नाही. तिथे पुस्तक कामी आले. राजांचे ग्रंथ वगळले, तर स्वयंपाकाच्या पुस्तकांचा इतिहास हा खरा बदल्यांचा इतिहास आहे. त्यावर आमच्या बँकेची मोहर तेवढी नाही.

सांबार वाळला असे आम्हाला वाटले. (हे वाक्य लक्षात ठेवा.) सौ.ने बेसन-कणकेत तेलाचे कडकडीत मोहन घालून घट्ट पीठ मळले. खोबरे, खसखस, तीळ भाजले, मिरच्या घातल्या, सारण कालवले. 'मीठ चवीपुरते' इथे दोघांत मतभेद होऊन सरासरी काढण्यात आली. एकीकडे कुकर लावला, कारण वडीबरोबर कढी-भात हवा. पुस्तकाने सांगितले होते, तीन शिट्ट्या.

आता घरगुती कुकर आपल्याकडे निघू लागले १९५९ सालापासून, आणि तेव्हापासून या देशात शिट्टी हे वेळेचे माप झाले. जगात कुठे नाही असे माप. डाळीला चार, भाताला तीन, बटाट्याला दोन. पण ज्यांनी हे माप ठरवले ते जंक्शनवर राहत नव्हते. पहिली शिट्टी कुकरची झाली. दुसरी मालगाडीची. तिसरी मी मोजली, ती कुकरची की वणी फाट्यावरची याबद्दल आजही वाद आहे. मधेच खाणीत सुरुंग उडाला, फडताळातल्या साती वाट्या किणकिणल्या आणि सौ.ने कुकर बंद केला. उघडला तेव्हा तांदूळ नुकतेच आंघोळ करून आल्यासारखे वेगवेगळे उभे होते.

मग कढईत तेल. 'मध्यम आचेवर तळावे.' हे वाक्यही नव्या युगाचे. चुलीला मध्यम नसते. चुलीत लाकूड आत सारणे आणि बाहेर ओढणे असते. शेगडीत निखारे असतात, आणि ते स्वतःच्या मर्जीने पेटतात आणि विझतात. स्वीडनमध्ये १८९२ साली हवा भरायचा प्रायमस स्टोव्ह निघाला, तो घासलेटचा वास घेऊन पुढे आपल्या घराघरांत फरफरला. मुंबईत १९५५ साली सिलिंडरचा गॅस आला, आणि तेव्हा कुठे गृहिणीच्या हातात बटण आले. मोठा, मध्यम, मंद. स्वयंपाकाच्या पुस्तकातला विस्तव तेव्हापासून आज्ञाधारक झाला.

आमचा त्याच क्षणी गेला. पहिल्या चार वड्या तेलात सोडल्या, बटण मध्यमवर आणले, ज्योत एकदा निळी झाली, एकदा पिवळी झाली आणि तिने प्राण सोडला. रविवार दुपार. दुसरे सिलिंडर रिकामेच, कारण ते भरून आणायचे काम माझ्याकडे होते. तेल निवू लागले तशा वड्या तेल पिऊ लागल्या, मग एकेक पुडा उलगडला आणि आतला सांबार तेलावर शेवाळासारखा पसरला. सौ. काही बोलली नाही. तिने पुस्तक मिटले आणि फडताळात उपडे ठेवले. लग्नाला अठरा वर्षे झाली. ती बोलत नाही तेव्हा काय बोलते हे मला समजते. तिच्या आईला जाऊन त्याच महिन्यात वर्ष झाले होते. पूर्वी असे काही बिघडले की ती फोन करी आणि पलीकडून एका वाक्यात उत्तर येई.

"काय करून राहिले जी भाऊ? जळल्याचा वास येऊन राहिला," अंगणातून आवाज आला. काकू दारात उभ्या होत्या. कढईत डोकावल्या, आणि पुस्तक करणार नाही ते त्यांनी केले. पोट धरून हसल्या. "अवं वहिनी, ओला हाये ना सांबार! पुडा फुटल नाई तं काय करल? मले काहून नाई सांगितलं?"

पुढचा कारभार अंगणात झाला. काकूंची कोळशाची शेगडी धूर जाईपर्यंत बाहेर ठेवलेली असते; निखारे लाल झाले होते. त्यांनी उरलेले सारण फडक्यात घालून पिळले, त्यातून निघालेले हिरवे पाणी सौ.ला दाखवले. मग वरून कोरडे खोबरे घातले. पारी लाटून आतून चिंचेचे पाणी आणि तिखट लावले. ("पुस्तकात हे नाही," मी म्हणालो. "पुस्तकाले कोठं जीभ राह्यते?" काकू म्हणाल्या.) सारण घालून पाकिटासारख्या घड्या घातल्या, कडा दाबल्या. कढईखालचा विस्तव मध्यम करायचा होता तेव्हा चिमट्याने दोन निखारे उचलून बाजूला ठेवले. बटण काय वेगळे असते? वड्या तांबूस, खुसखुशीत, शाबूत निघाल्या. खाताना मी दोनदा सांबाराच्या बाबतीत विदर्भाची क्षमा मागितली.

तेवढ्यात काकूंनी सहज सांगितले की काकांची निवृत्ती मार्चअखेरीला आहे, आणि मग ते दोघे मूलकडच्या आपल्या गावी जाणार. सौ.चा हातातला घास थांबला. माझ्या लक्षात आले की दुपारी स्टुलावर बसून मी जो इतिहास लावत होतो, तो आमच्याच अंगणात घडत होता.

"काकू, मला सगळे लिहून द्या ना," सौ. म्हणाली.

"लिवाले काय हाये त्यात? अंदाजानं टाकाचं."

जानेवारी-फेब्रुवारीचे सात रविवार मग आम्ही काकूंच्या शेगडीशी काढले. सौ. शिकत होती आणि मी माझ्या लायकीचे काम करत होतो. म्हणजे मोजत होतो. सोनाराकडे असतो तसा एक लहान वजनकाटा मी चंद्रपूरहून आणला. काकूंनी डब्यात हात घातला की मी म्हणे, "थांबा!" आणि मूठ काट्यावर रिकामी करून घेई. काकू आधी हसत, मग वैतागत, मग त्यांनाच गंमत वाटू लागली. "आज किती भरली जी माही मूठ?" असे त्या आपणहून विचारीत. भरे बेसन तेवढेच, दर रविवारी. दोन-तीन ग्रॅमचा काय तो फरक. एवढा अचूक कॅशिअर मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. ज्याला आपण अंदाज म्हणतो, ते पन्नास वर्षांत तयार झालेले वजन असते. फक्त त्यावर सरकारी शिक्का नसतो.

वही तयार झाली. सांबारवडी, गोळाभात, वडाभात, पाटवडीचा रस्सा. जमेला जिन्नस, नावे लागलेला वेळ, प्रत्येक पानाखाली माझी सही. सगळी मापे एकाच वाटीत बदलून घेतली, काकूंच्या वाटीत. ती त्यांनी जाताना सौ.च्या हातात ठेवली. "तुमची वाटी आमच्या कामाची नाई," एवढेच म्हणाल्या. आता फडताळात आठ वाट्या आहेत आणि सुरुंग उडाला की आठही वाजतात.

एकच नोंद मला जमली नाही. मिठाची. सातही रविवारी मी ते मोजले आणि सातही वेळा आकडा निराळा आला. काकू आधी थोडे घालत, सारण चिमूटभर तोंडात टाकत, आभाळाकडे बघत, मग आणखी थोडे घालत. कधी सांबारच खारा निघे म्हणून कमी, कधी काका रात्रपाळीहून दमून आलेले म्हणून जास्त. शेवटी मला त्या पुस्तकातल्या बाईंची मनातल्या मनात माफी मागावी लागली. त्यांनाही कोणीतरी असेच शिकवले असणार, आणि त्यांचाही काटा इथेच अडला असणार.

आमच्या हिशेबात एखाद्या रकमेचे काय करावे हे कळले नाही की ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. मी तेच केले. मात्र उचंत खात्यातली नोंद फार दिवस मोकळी ठेवता येत नाही, ऑडिटर विचारतो. म्हणून वहीत मिठापुढे मी आकडा लिहून ठेवला आहे. चांगला दहा आकडी आहे.

तो काकूंचा फोन नंबर आहे.